श्री. चावीदाते यांस, सप्रेम

श्री. चावीदाते,
बी विंग, तिसरा मजला, कोथरूड, पुणे.



पत्रास कारण की, आपले चिरंजीव मोठे झाल्याची वर्दी आम्हा सी विंगवाल्यांना रोज सकाळी सव्वासहाला मिळते. आधी पार्किंगमध्ये ॲक्सिलरेटर दोनदा पिळल्याचा आवाज येतो, मग वॉचमनकाकांचं ‘अरे, हळू!’ ऐकू येतं आणि मग फाटकातून बाहेर पडताना लांबलचक हॉर्न. ‘मी काही थांबणार नाही, तुमचं तुम्ही बघा,’ अशी ती जाहीर सूचना असते. दहावीला ब्याण्णव टक्के मिळाले म्हणून आपण त्याला घरातली ११० सीसीची स्कूटर बहाल केलीत आणि सोसायटीत पेढे वाटलेत. पेढा मीही खाल्ला. खाल्ल्या पेढ्याला जागून हे पत्र लिहिते आहे.

आपलं खरं नाव इथे घालत नाही. एक तर शेजारधर्म, आणि दुसरं म्हणजे आपल्यासारखे इतके आहेत, की हे पत्र डोळे मिटून कुठल्याही लेटरबॉक्समध्ये टाकलं तरी योग्य माणसालाच मिळेल.

मूल गाडीवर बसण्याजोगं झालं की नाही, हे ओळखण्याची आपली कसोटी मला फार आवडली. लिफ्टमध्ये मी विचारलं, ‘अजून सोळाचाच ना हो?’ तर आपण म्हणालात, ‘अहो, दोन्ही पाय टेकतात की आता!’ सरकारनं उगाच लर्निंग, पक्कं लायसन्स, आठचा आकडा असा पसारा मांडलाय. आरटीओच्या दारात एक फूटपट्टी टांगली असती तर सगळ्यांचाच वेळ वाचला असता. वर आपण असंही सांगितलंत की तो मेन रोडला जात नाही, गल्लीतल्या गल्लीतच फिरतो. म्हणजे जिथे पोरं क्रिकेट खेळतात, आजोबा काठी घेऊन फिरायला निघतात, कुत्री आडवी येतात आणि फुटपाथ औषधालाही नाही, ती जागा शिकाऊ हातासाठी सुरक्षित. धोका काय तो सिग्नल आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर!

‘सोळाला चालतं कायद्यानं,’ हेही आपण ठासून सांगितलंत. अर्धं बरोबर आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षांच्या मुलाला दुचाकी चालवायची मुभा आहे, पण ती ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीची. त्यासाठीही लायसन्स काढावं लागतं आणि शिकाऊ परवान्याच्या अर्जावर पालकाची लेखी संमती लागते. ही सवलत वाचली की मला लूना आठवते. १९७२ साली आलेली ती ५० सीसीची गाडी चढावर दमली, की उरलेला चढ आपणच पायडल मारून संपवायचा. आज तशी पेट्रोलची गाडी शोरूममध्ये मागून बघा, सेल्समन आपल्याला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी देईल. चिरंजीवांच्या खाली तिच्या दुपटीहून मोठं इंजिन आहे. ‘आम्ही नाही का त्या वयात लूना उडवली?’ असं म्हणणार असाल, तर तेव्हाचा कर्वे रोडही आठवा. तिथे सायकलींना वाट देत देत जावं लागायचं. आणि ‘मग इलेक्ट्रिक घेऊन देतो, तिला लायसन्स लागत नाही,’ हा आपला नवा बेतही कानावर आला. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल, तर खरंच लागत नाही. आपण जिचं ब्रोशर दाखवत होतात, ती ऐंशीनं पळते.

कायद्यानं आपली केवढी दखल घेतली आहे, हे आपल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. २०१९च्या दुरुस्तीत १९९-अ हे खास कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही, म्हणजे अख्खं कॉलेज आणि पहिली नोकरी कुणाच्या तरी मागे बसून. ‘त्यानं न विचारता चावी उचलली,’ हे उत्तर आपल्या मनात तयार असेल. पण तिथे मुलानं पालकाच्या संमतीनंच गाडी नेली असं कोर्ट आधी धरून चालतं. संमती नव्हती हे आपण सिद्ध करायचं असतं. अख्ख्या सोसायटीत पेढे वाटून झाल्यावर ते कसं सिद्ध करणार, हे एखाद्या वकिलाला आधीच विचारून ठेवा. विम्याच्या भरवशावरही राहू नका. बिनपरवाना हातात गाडी दिली असेल, तर कंपनी जखमी माणसाला भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

हे सगळं आपल्याला ठाऊक नसावं असंही नाही. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव पोर्शच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर. बालन्याय मंडळानं जामीन देताना त्याला अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि सगळं शहर पेटून उठलं. त्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांत जळजळीत पोस्ट आपली होती. ‘असल्या आईबापांना आधी आत टाका!’ त्याखाली तीन मेणबत्त्या आणि एक लाल चेहरा. अंगठा मीही दिला होता. ती गाडी जर्मन होती आणि आपली हप्त्यावरची आहे, हा फरक मला समजतो. कायद्याच्या कलमात गाडीच्या किमतीचा रकाना नाही, एवढीच अडचण आहे.

आपण मुलाला काहीच शिकवलं नाही, असा आरोप मात्र मी करणार नाही. पुष्कळ शिकवलंत. नळस्टॉपला ट्रॅफिकवाले मामा कुठल्या बाजूला उभे असतात, सकाळी साडेसातच्या आत गेलं तर ते अजून आलेले नसतात, कर्वे पुतळ्याचा चौक कुठल्या बोळातून टाळता येतो, अडवलंच तर ‘बाबा मागून येतायत’ असं म्हणायचं आणि कुणाला फोन लावायचा, हे सगळं त्याला मुखोद्गत आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा दाबायचा, हे त्याला अजून माहीत नाही. पोलीस दिसला की गाडी हळू करायची, आणि माणूस दिसला की हॉर्न वाजवायचा. आपल्या घरच्या ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम एवढ्यावर संपतो.

काही महिन्यांपूर्वी ए विंगच्या कोपऱ्यावर काय झालं, त्याचं गावभर करू नका असं आपण सगळ्यांना सांगितलंत, म्हणून नाव न घेता लिहिते. चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशी त्या वळणावरून येत होत्या. चिरंजीवांनी वळण घेताना वेग कमी केला नाही, आरशानं त्यांना ढकललं आणि त्या हातावर पडल्या. उजवं मनगट मोडलं. पोळ्या लाटणाऱ्या बाईचं उजवं मनगट. आपण प्लास्टरचे पैसे दिलेत, वर रिक्षाचेही दिलेत, ‘मिटवून टाकलं’ म्हणालात आणि पोलिसांकडे न गेल्याबद्दल मावशींच्या समजूतदारपणाचं कौतुक केलंत. सहा आठवडे हात गळ्यात होता. तेवढ्यात दोन घरांनी दुसरी बाई लावली. मावशी बऱ्या झाल्या, तरी ती दोन कामं परत आली नाहीत. हे आपल्या हिशेबात कुठे बसतं, मला माहीत नाही. आपण मला एवढंच म्हणालात, ‘पोरगं फार घाबरलंय हो.’ ते मात्र खरं होतं. दोन दिवस त्यानं गाडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आपणच चावी त्याच्या हातात कोंबलीत, ‘आत्मविश्वास जायला नको’ म्हणून.

‘सहसा काही होत नाही हो,’ हे आपलं लाडकं वाक्य. सहसा काहीच होत नाही. २०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या बहुतेकांनाही आदल्या दिवशीपर्यंत काही झालेलं नव्हतं.

आता आपण विचाराल, की मग मुलाला गाडी शिकवायची तरी कशी? विचारणार नाही आपण, पण मी सांगून टाकते.

पहिली अडचण ही, की आपण शिकवायला फार आधी सुरुवात केली आहे. हाच मुलगा तीन वर्षांचा असताना आपल्या स्कूटरवर पुढे उभा असायचा, आरशाच्या दांड्या धरून. (चार वर्षांच्या आतल्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला हार्नेस हवा, त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम २०२३पासून लागू आहे. हार्नेस बांधलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. आपण पाहिलंत तर फोटो पाठवा.) त्या उभ्या जागेवरून त्यानं आपलं राँग साइडनं जाणं पाहिलं, पिवळा दिवा दिसताच ॲक्सिलरेटर पिळणं पाहिलं, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून दुधाचा हिशोब करणं पाहिलं. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या शहराचे आपण स्वाभिमानी नागरिक, त्यामुळे आपलं हेल्मेट कोपराला अडकवलेलं असतं आणि कोपर अगदी सुरक्षित आहे. मुलाला ‘हेल्मेट घाल, पट्टा बांध’ असं सांगण्याआधी आपल्याला काही महिने ते स्वतः करावं लागेल. उपदेशाच्या वेळी मुलांचे कान बंद असतात, पण डोळे सारखे उघडे असतात.

दुसरं, गाडी चालवता येणं आठवड्याभराचं काम आहे. तोल, वळण, ब्रेक, आठचा आकडा, हे सोळाव्या वर्षी चटकन जमतं. आपल्याला जमलं त्याहून चटकन जमतं, आणि तिथेच फसायला होतं. वेळ लागतो तो पुढे काय होणार हे ओळखायला. थांबलेल्या बसच्या पुढून कुणीतरी रस्ता ओलांडायला येणार. उभ्या मोटारीचं दार अचानक उघडणार. रस्त्यावर चेंडू आला, की मागोमाग पोरगं येणार. रिक्षा हात न दाखवता वळणार, कारण मागे बसलेल्या बाईंना आत्ताच त्यांची गल्ली दिसली आहे. डंपरच्या डाव्या कुशीत शिरलेला दुचाकीवाला ड्रायव्हरला दिसतच नाही, म्हणून तिथे शिरायचंच नाही. हे अंगात मुरायला महिने लागतात, आणि गंमत अशी की त्यासाठी लायसन्स लागत नाही, पेट्रोलही जास्तीचं लागत नाही. आपण चालवत असताना त्याला मागे बसवा आणि पुढे काय होईल ते बोलायला सांगा. ‘ती पांढरी गाडी निघणार.’ ‘त्या आजी अजून बघत नाहीयेत.’ सोळा ते अठरा ही दोन वर्षं कायद्यानं आपल्याला याच अभ्यासाला दिली आहेत असं समजा. सायकल असेल तर आणखी उत्तम. रस्त्यावरच्या मोठ्या गाड्या किती उर्मट असतात, ते सायकलच्या सीटवर नीट कळतं.

अठरा पूर्ण झाल्यावर लर्निंग काढा. त्याची परीक्षा हल्ली घरबसल्या ऑनलाइन देता येते. ती मुलाऐवजी आपण देऊ नका. आपण नापास होण्याची शक्यता धरून सांगते आहे. तांबडा ‘एल’ गाडीला पुढे आणि मागे लावा; त्याची लाज वाटायचं कारण नाही. मोटार शिकायची असेल, तर लायसन्सवाला माणूस शेजारी बसलेला लागतो, तोही गाडी थांबवता येईल अशा तऱ्हेनं. शेजारी बसून रील्स बघणारा काका त्यात मोडत नाही.

पुढचं हळूहळू. आधी दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यावर, एकट्यानं. मग पाऊस, आणि त्यातही जूनचा पहिला पाऊस सर्वांत फसवा, कारण उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ मिळून जो थर होतो, त्यावर चाक घसरतं. झेब्रा पट्ट्यांचा रंग, ड्रेनेजची झाकणं, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, यांवर ब्रेक दाबायचा नाही, त्यांच्या आधीच दाबून वेग कमी करायचा. हे घराजवळच्या मोकळ्या मैदानावर पावसात एकदा करून दाखवा, भिजायची तयारी ठेवून. रात्रीचं चालवणं त्यानंतर. आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा तो उतार सर्वांत शेवटी. तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक मागून येतात आणि त्यांचे ब्रेक जागेवर असतीलच असं नाही. तिथला शहाणपणा एकच: घाई नको, ट्रकच्या पुढे पुढे नको.

आपले बंधू सॅन होजेला असतात. तिथल्या शिस्तीचं कौतुक आपण गेल्या गणपतीत मांडवात पाऊण तास केलंत. तर कॅलिफोर्नियात काय असतं तेही ऐका. अठराच्या आतल्या मुलाला लायसन्स मिळण्याआधी मोठ्या माणसाला शेजारी बसवून ५० तास गाडी चालवावी लागते, त्यांतले दहा तास रात्रीचे. लायसन्स मिळाल्यावरही पहिलं वर्षभर रात्री अकरा ते पहाटे पाच एकट्यानं गाडी काढायची नाही, आणि सोबत मोठं माणूस नसेल, तर विशीच्या आतल्या मित्रांना गाडीत घ्यायचं नाही. पोरांवर अविश्वास म्हणून हा नियम नाही. मित्र मागे बसले, की चालवणाऱ्याचं निम्मं लक्ष त्यांच्या हसण्याकडे जातं, आणि ट्रिपल सीट सिंहगडाकडे निघालेल्या तिघांना तर हसण्याशिवाय दुसरं कामच नसतं. आपले बंधू ते ५० तास शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसले असणार. आपण पुतण्याच्या लायसन्सचा फोटो ग्रुपवर टाकलात, पण ते तास तेवढे वगळलेत.

खरं सांगायचं, तर गाडी हे आपण मुलाला दिलेलं बक्षीस नव्हतंच. आपल्याला सकाळी सहाला उठून त्याला क्लासला सोडायचा कंटाळा आला होता. ब्याण्णव टक्क्यांचं निमित्त बरं सापडलं. कंटाळा मला समजतो. क्लास शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस वेळेवर येत नाही, रिक्षा परवडत नाही, दोघांच्या नोकऱ्या. कुणीही वैतागेल. पण आपला वैताग आपण त्याच्या आणि मावशींच्या हाडांवर टाकलात.

तो ज्या क्लासला पळतो, तो फिजिक्सचा. तिथे त्याला गतिज ऊर्जा पाठ आहे: वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. म्हणजे तीसच्या जागी साठनं जाणाऱ्या गाडीला ब्रेक दाबल्यापासून थांबायला चौपट अंतर लागतं. जेईईत हे गणित तो डोळे मिटून सोडवेल. क्लासला उशीर होतोय म्हणून तो साठनं जातो आणि वाटेत त्याचा फोन वाजतो. साठच्या वेगानं एका सेकंदाला साधारण सतरा मीटर रस्ता मागे पडतो. कुणाचा फोन आहे ते बघायला दोन सेकंद लागले, तर चौतीस मीटर त्यानं न बघता पार केले. आणि फोन असतो आपला. ‘पोचलास का?’ हे विचारायला.

तो फोन बंद करा. पोचल्यावर तो करेल. उलट एक गोष्ट त्याला सांगून ठेवा आणि पाळा: कुठेही, कितीही उशीर झाला, सोबतच्यांनी प्यायली असेल किंवा तुला झोप येत असेल, तर मला फोन कर. मी न्यायला येईन आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. हे वाक्य बोलायला सोपं आहे. थर्टी फर्स्टच्या रात्री दीड वाजता स्वेटर चढवून निघायचं आणि येताना तोंड बंद ठेवायचं, हे अवघड आहे. आपल्याला दोन्हींचा सराव करावा लागेल.

जाता जाता एक विचारते. आपली थोरली एकोणीस वर्षांची आहे, कायद्यानं सर्वार्थानं पात्र. तिला अजून चावी नाही, कारण ‘मुलींना ट्रॅफिकचा अंदाज येत नाही.’ हे आपण पुण्यात राहून म्हणता! तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटरवर निघालेल्या बायामुली एक दिवस घरी बसल्या, तर या शहरातली निम्मी ऑफिसं उघडायची नाहीत. तिला लर्निंग काढून द्या. भावाला मागे बसवून ती नेईल, अर्थात पक्कं लायसन्स हातात आल्यावर. वाटेत पुढे काय होणार ते त्याला मोठ्यानं बोलायला लावेल, आणि चुकला तर आपल्यासारखी गप्प बसणार नाही.

तोपर्यंतची सोय मी बघितली आहे. त्याच क्लासला आपल्या सोसायटीतली चार मुलं जातात, आमचा धाकटा धरून. सोमवार आणि गुरुवार आम्ही मोटारीनं सोडू, ए विंगचे जोशी मंगळवार-शुक्रवार घ्यायला तयार आहेत. बुधवार आणि शनिवार आपल्या नावावर लिहिले आहेत. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी. आपण स्वतः यायचं आहे.

आपली,
सी विंगमधली शेजारीण

ता. क. आपली मोटार कालपासून आमच्या पार्किंगमध्ये आडवी लावलेली आहे. आज रात्री काढून घ्या. चिरंजीवांना पाठवू नका.